वगळलेली पानं

जवळच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर अमेरिकन साहेब आले, तेव्हा घिवलीतल्या आमच्या वाडीला त्यांच्या देशाचं कुतूहल वाटू लागलं. माझ्याकडे डॅनियल वेबस्टर या तिथल्या शंभर वर्षांपूर्वीच्या पुढाऱ्याचं इंग्रजी चरित्र होतं. दर शनिवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर मी ते मराठीत वाचून दाखवायचो. त्याची वकिली, त्याची भाषणं. देश फुटू नये म्हणून त्याने उचलून धरलेली तडजोड तर मी दोनदा सांगितली.

पुढे एका ठेकेदाराने खडी टाकायला वाडीची वाळूची जागा मागितली. तिथे बायका बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळवतात. देवीपुढे सुपारी ठेवून सगळ्यांनी ठरवलं, हातभरही जागा द्यायची नाही. ठेकेदाराशी बोलायला पंढरीला पालघरला पाठवलं. तो पहिल्या शनिवारपासूनचा माझा श्रोता.

तो परतला अर्धी जागा देऊन.

"गुरुजींनीच सांगितलं ना," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मोठा माणूस दोन्ही बाजू राखतो. अर्धी तरी वाचली."

"कंची अर्धी गेली?" जिवलीने विचारलं. नवरा गेल्यापासून तिचं घर बोंबलांवरच चालायचं.

"खाडीकडची."

"म्हंजे माझी आन् साखरबाईची. तुझी कुठं हाय?"

"देवळाकडं."

"बरी वाचली."

मी बाजू घेईन म्हणून पंढरी माझ्याकडे पाहत राहिला. मी चष्मा पुसत बसलो.

वेबस्टरच्या त्या तडजोडीत एक कायदा होता. पळून आलेल्या गुलामांना धरून पुन्हा मालकाच्या हवाली करायचं. त्यावरून वेबस्टरच्याच प्रांतातल्या कित्येकांनी त्याला दगाबाज ठरवलं. ती पानं मी वगळली होती. पंढरीचा दोष किती आणि माझा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या शनिवारी ओट्यावर कोणी आलं नाही. उपटलेले बांबू खांद्यावर घेऊन जिवली तेवढी चालली होती. मला पाहून थांबली, बांबू खाली ठेवून बसली. मी ती पानं वाचली.

"त्या पळालेल्यांना कोनी इचारलं व्हतं?"

"नाही."

"मंग ह्ये पंढरी असताना का नाय वाचलंत?"

"वेबस्टर मला आवडायचा," मी म्हणालो.

"आमाला पन पंढरी आवडायचा, गुरुजी," ती म्हणाली आणि बांबू उचलून घराकडे गेली.