सरकीचे पाच दाणे

दिवेलागणीला अंगणात सरकी पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ओल्या सारवणावर पडलेल्या सरकीला आवाज तो केवढा! पण आत्याबाई मूठ उघडायची तेव्हा पंधरा पोरी श्वास रोखून उभ्या असत, म्हणून तो ऐकू येई. गावाशेजारच्या मावल्याच्या तळ्यामागे तांबूस उजेड विझत आलेला, तुळशीपुढचा दिवा मुद्दाम न लावलेला, आणि त्या करड्या संधिप्रकाशात पांढऱ्या लुगड्यातली तिची उंच, किंचित वाकलेली आकृती. "पाच दाने उचलून आन, पोरी," असं म्हणत ती एकेकीला पुढे करी.

आत्याबाई माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती एक पाटी, एक खलबत्ता आणि कुणाचं न ऐकण्याचा स्वभाव घेऊन. निजामाच्या राजवटीतले ते दिवस. गावातले मोजके मुलगे आदिलाबादेला जाऊन उर्दूत धडे घोकत. मुलींनी शिकावं हा विचारच कुणाच्या गावी नव्हता. आत्याबाईनं आमच्या ओसरीवर मराठी अक्षरं मांडली. सकाळभर कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेल्या बोटांच्या पोरी दुपारी येत, आधी ज्वारीची आंबील पीत, मग धुळीत अक्षरं गिरवत. ती रागीट होती. आंबील सांडली की ओरडे, अक्षर चुकलं की मात्र हसे. भुकेल्या पोटी अक्षर टिकत नाही, असं ती माझ्या वडिलांना भांडूनभांडून सांगे.

सरकीची परीक्षा ती सासरी एका वैद्याकडून शिकली होती. पाल्याभाजीशिवाय वाढलेल्या पोरांना तिन्हीसांजेला दिसेनासं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. जिला दाणे सापडत नसत तिला शेवग्याच्या पाल्याची भाजी मिळे आणि वर चमचाभर माशाचं तेल. ते तेल ती आदिलाबादच्या दवाखान्यातून पायी जाऊन आणी. जन्मात मासळीला न शिवलेली बाई. बाटलीचं बूच काढताना पदर नाकाशी धरी, पण चमचा काठोकाठ भरी. त्या पोरीच्या घरी निरोपही जाई, की हिला अंधारात विहिरीवर धाडू नका, पालाभाजी घाला.

तो निरोपच गंगूला नको होता.

गंगू माझ्याच वयाची, नऊ वर्षांची, सगळ्यांत हुशार. बाराखडी तिनं एका कार्तिकात संपवली होती. त्याच कार्तिकात एका संध्याकाळी ती माझ्यासमोर तुळशीवृंदावनाला धडकली. ओठ फुटला, पण रडली नाही. माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "सांगू नको वं. माय म्हणंन, डोयानं दिसत नाई तं शायेत काऊन जातं? घरीच राह्य."

मी सांगितलं नाही. तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. तिच्या मुठीत आधीच सरकीचे पाच दाणे असत. ती वाके, जमीन चाचपे आणि तेच पुढे करी. आत्याबाईनं टाकलेले खरे दाणे तिथंच पडून राहत. सकाळी अंगण झाडणं माझ्याकडे होतं. ते दाणे मी वेचून ठेवी आणि दुपारी गंगूच्या हातात देई. मैत्रीण म्हणून आपण केवढं करतो आहोत, असा मला अभिमान होता. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष गेला. गंगू जोडाक्षरं वाचू लागली, आणि संध्याकाळी घरी जाताना माझा हात अधिकाधिक घट्ट धरू लागली.

माघात एके दिवशी घरातली सरकी गाईच्या आंबोणात संपली. अंगणात नुकत्याच झोडलेल्या तुरी पडल्या होत्या. आत्याबाईनं त्याच मुठीत घेतल्या. मी परसात होते, मला ते कळलं नाही. आले तेव्हा गंगू तळहात पसरून उभी होती आणि त्यावर सरकीचे पाच दाणे होते.

आत्याबाईनं एक दाणा उचलून बोटांत फिरवला. मग खाली बसली आणि इतक्या हळू बोलली, की तसा तिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. "गंगे, म्या आज तुरी टाकल्या होत्या वं."

गंगूची शाळा सुटू नये म्हणून त्या संध्याकाळी तिनं तिच्या घरी निरोप धाडला नाही. स्वतःच्या हातानं गंगूला तेल पाजलं, रोज पाजत राहिली. पण दहाच दिवसांत गावात गोवर आला. तो गंगूलाही झाला, आणि तिच्या अंगातली शक्ती आधीच सरलेली. गंगूचा डावा डोळा चार दिवसांत पांढरा झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उजवा वाचवला आणि विचारलं, की संध्याकाळी दिसेनासं झालं तेव्हाच का आणलं नाही?  उत्तर माझ्याजवळ होतं, आणि मी तिच्या पदराआड उभी होते.

त्यानंतर तिनं अंगणात कधी दाणे टाकले नाहीत. तेल आणि पाला सगळ्याच पोरींना मिळू लागला, न विचारता, न निवडता. आणि दिवेलागणीला ती एकेकीचा हात धरून अंगणापलीकडे नेऊ लागली, पाऊल कुठं अडखळतं ते पाहत. गंगू एका डोळ्यानं वाचत राहिली. पुढं गावात कुणाचं पत्र आलं की तिलाच बोलावणं येई. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही.

आत्याबाई मात्र त्या माघातून बाहेर आली नाही. "पोरीच्या हातची सरकी मले वळखू आली नाई," असं ती अखेरच्या आजारातही म्हणत होती, आणि मी पायाशी बसून तिचे पाय चेपत होते. बोलायला सबंध दुपार होती. मी बोलले नाही. आज माझ्याही डोळ्यांना तिन्हीसांजेला कमी दिसतं, काळानं कितीतरी चेहरे पुसून टाकले आहेत. पण अंगणातले ते पाच दाणे मला स्पष्ट दिसतात. ती चूक एकटीची समजून आत्याबाई गेली. त्या चुकीतला माझा वाटा माझ्याकडेच राहिला आहे, आणि तो घ्यायला आता कुणी नाही.