दाराआडची कणगी

रविवार, ७ नोव्हेंबर १९४३. सकाळी साडेनऊ वाजता, डोळखांबच्या पुढल्या एका पाड्यावर, प्रार्थनाघराच्या कोठीत दाराआड ठेवलेल्या कणगीवरचं गोणपाट शांतवन मास्तरांनी काढलं. कणगी काठोकाठ भरलेली होती. आत नाचणी होती.

एवढंच घडलं. पण उंबऱ्याशी उभ्या असलेल्या वत्सलेची मान खाली गेली, ती वर होईना.

ख्रिस्ती मंडळी लहान होती. कुणब्यांची पाच घरं, कातकरवाडीची सहा. सात वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच ओढ्यात सर्वांचा बाप्तिस्मा झाला होता. पुढे मास्तरांनी एक नेम घालून दिला. रोज रांधायला बसताना घरातल्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि रविवारी कोठीत आणून ओतायचं. त्यातून सुगीच्या सणाला सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. उरेल ते पावसाळ्यात ज्याची चूल पेटत नसेल त्याला द्यायचं. वत्सलेचा नवरा कुंडलिक मंडळीचा पंच होता, म्हणून कोठी तिच्याकडे आली.

कुणब्यांकडून तांदूळ येई, वाडीकडून मजुरीची नाचणी. पहिल्याच रविवारी वाडीतली बारकी फडक्यात नाचणी बांधून आली, तेव्हा कुंडलिक बायकोच्या कानाशी येऊन म्हणाला, "अगो, ती येगळी ठेव. बघू मागनं."

ते 'मागनं' तीन वर्षं आलं नाही. वत्सलेने दाराआड दुसरी कणगी मांडली. वाडीच्या बायका आल्या की ती बोट दाखवी, "तिथं ओता गो." त्यांच्या फडक्याला तिचा हात लागत नसे. प्रार्थनेत मात्र ती त्यांना बहिणी म्हणे, आणि म्हणताना तिला आपण काही खोटं बोलतोय असं वाटतही नसे.

बारकीबरोबर तिची नात येई. जनी, सहा वर्षांची. आजी ओतायची ते आजीचं. जनीला आपली मूठ आपल्याच हाताने टाकायची असे. मूठ एवढीशी, त्यातली निम्मी नाचणी वाटेतच सांडलेली.

गेल्या सालच्या सणाला बारकीने जेवता जेवता विचारलं होतं, "वत्सलाबाय, आमची नाचणी कुठं गो? भाकर नाय दिसली ती?"

"आंबिलीत घातली," वत्सला म्हणाली. जीभ अडखळलीसुद्धा नाही. आंबील दुसऱ्याच नाचणीची होती, तिच्या घरची.

बारकी हसली. मग वाडीवर जाऊन ती घरोघर सांगत सुटली, "गावात आमच्या हातचं पानी कोन घेत नाय. पर तिथं कुंडलिकबाबानं आमच्या नाचणीची दोन वाट्या आंबील प्यायली. मिशीला लागली व्हती!" ही गोष्ट ती वर्षभर सांगत होती. वत्सलेच्या कानावरही ती आली. तेव्हाच तिला बोलता आलं असतं.

मग यंदाचा श्रावण आला. रानातलं काम थांबलं, वाडी कडू कंद उकडून खाऊ लागली. तरीही दर रविवारी मूठ येत होती. एकदाच बारकी कोठीच्या दारात घुटमळली. "कोठीत काय उरलाय का गो, बाय? पोरीला पेजंपुरता."

"तांदूळ संपला गो, बारके," वत्सला म्हणाली.

ते खरं होतं. तांदूळ संपलाच होता. दाराआडच्या कणगीवरचं गोणपाट काढलं असतं तर आंबिलीची गोष्ट उघडी पडली असती. बारकी रिकाम्या हाताने परत गेली. भाद्रपद लागता लागता जनी गेली. तापाने गेली, असं कुंडलिकने मास्तरांना सांगितलं. ताप होता हे खरं. पोटात काय होतं, ते कोणी विचारलं नाही.

आज सण होता. नवं भात अजून खळ्यावर पडलेलं, श्रावणानंतर मुठीमुठीने जमलेला जुना तांदूळ जेमतेम दोन पायली. बारकी चुलीपाशी लाकडं मोडत म्हणत होती, "मास्तर, येशूनं पाच भाकरींत पाच हजार मानसं जेवू घातली म्हनता. दोन पायलीत आमी चाळीस नाय का जेवनार?" सगळे हसले. मास्तर हसत उठले, "नाचणी असेल की, भाकऱ्या थापू," म्हणाले आणि कोठीत शिरले.

आता दारात माणसं जमली होती.

"बी म्हनून राखली, मास्तर," कुंडलिक घाईने म्हणाला.

"कुणाला पेरायची होती?" मास्तरांनी विचारलं. "वाडीला शेत कुठं आहे?"

कुंडलिकने बायकोकडे पाहिलं. तिने हो म्हणावं, एवढंच त्या पाहण्यात होतं.

बारकी पुढे आली. तिने कणगीत कोपरापर्यंत हात घातला. नाचणीला कीड लागत नाही. तीन वर्षांतली एकही मूठ हरवली नव्हती. बारकीने ओंजळ वर काढली, बोटांतून दाणे गळू दिले.

"मंग आंबिलीत काय व्हतं, बाय?"

"आमची नाचणी व्हती," वत्सला म्हणाली. "तुमची कवाच कोनी खाल्ली नाय. मी खोटं बोलले. श्रावनात पन ही हितंच व्हती, भरलेली."

"गप ऱ्हा गो!" कुंडलिक ओरडला.

"तीन वर्सं गपच व्हते."

बारकी रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. या रविवारची मूठ तिच्या कमरेला फडक्यात होती. फडक्याची सुटलेली गाठ तिने पुन्हा घट्ट मारली आणि ती निघाली. मागोमाग वाडीची सगळी माणसं उठली. चुलीवरचा भात शिजत राहिला. पंगत बसली नाही.

मंगळवारी वत्सला पाटीभर नाचणी डोक्यावर घेऊन एकटी वाडीवर गेली. कुंडलिकने बजावलं होतं, गेलीस तर माझ्या चुलीला शिवू नको. बारकी झोपडीबाहेर शेणाने सारवत होती.

"तुमची हाय. आनली," वत्सला म्हणाली.

बारकीने पाटीकडे पाहिलं. "ह्यात जनीच्या मुठी किती, सांगशील?"

वत्सलेने पाटी वाडीच्या तोंडाशी, दगडावर ठेवली आणि परतली.

रविवारी, १४ नोव्हेंबरला, प्रार्थनाघरात चटईचं अर्धं अंग रिकामं होतं. मास्तरांनी प्रभुभोजनाची भाकर मोडली आणि कुणालाही न देता ताटात परत ठेवली. वत्सला घरातल्या माणसांपासून वेगळी बसली होती; मंगळवारपासून तिच्या हातचं पाणी कुंडलिकने घेतलेलं नव्हतं.

पाटी त्या दुपारपर्यंत दगडावरच होती. वाडीतल्या कोणी ती आत नेली नव्हती. कोणी फेकूनही दिली नव्हती.