पिवळ्या रेघेवरचे चाक

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे, आणि त्यातही भाड्याचा. शर्यतीच्या गाड्या पाठीवर घेऊन त्यांना ट्रॅकवर पोहोचवायचे आणि परत आणायचे, एवढेच माझे काम होते. शर्यतीची गाडी म्हणजे मोठी नाजूक असामी. ट्रॅकवर ती वाऱ्याशी पैज लावते, पण साध्या रस्त्यावर तिला चालवायची परवानगी नसते. मग ती माझ्यासारख्याच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधून घेते आणि ऐटीत बसून जाते.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तेच माझे मालक. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे, जाड लोखंडी पट्ट्या आणि चार नवी चाके जमवून त्यांनी मला उभे केले. हाताने अतिशय बारीक काम करणारा माणूस, पण बोलायचा कंटाळा. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की त्यांच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा.

मी तयार झालो तेव्हा त्यांनी ओळखीतली एक गाडी माझ्यावर चढवली आणि माझ्या पुढच्या दांड्याखाली घरातला वजनकाटा आणून ठेवला. मालकीणबाई मागोमाग धावत आल्या.

"अहो, त्याच्यावर मी उभी राहते!"

"आज हा राहील," मालक म्हणाले.

मित्रांनो, त्या काट्याचे काम फार महत्त्वाचे होते. माझा पुढचा दांडा मला ओढणाऱ्या जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसतो. त्यावर भार फार झाला तर जीपचे बूड खाली दबते. भार कमी पडला तर वेग वाढताच मी डावीउजवीकडे डुलू लागतो आणि जीपलाही सोबत ओढतो. मालकांनी गाडी वीतभर पुढे, बोटभर मागे करत सगळी सकाळ घालवली. काटा मनासारखा स्थिरावला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मग गाडीच्या पुढच्या चाकाखाली, माझ्या पाठीवर, त्यांनी उरलेल्या पिवळ्या रंगाने एक जाड रेघ ओढली.

तेव्हापासून भाड्याने नेणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य ऐकवत. "पुढचं चाक रेघेवर. बास."

पुढची काही वर्षे माझी चंगळ होती. दर आठवड्याला नवा माणूस, नवा रस्ता. कोणी मला धुऊनपुसून परत करायचे, तर कोणी चिखलाने माखवून फाटकापाशी टाकून पळ काढायचे. भाड्याच्या वस्तूचे असेच असते, वापरायला सगळे आणि पुसायला कोणी नाही. ट्रॅकवर पोहोचलो की मला मागच्या गवतात इतर ट्रेलरांच्या रांगेत उभे करत. इतक्या वर्षांत मी शर्यत एकदाही पाहिली नाही, फक्त ऐकली. गाड्या गोल गोल फिरून निघाल्या तिथेच येतात आणि माणसे आनंदाने नाचतात, हे कोडे मला कधी उलगडले नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडायचे ते एक वायरमन आणि त्यांची मुलगी. तिला ते भिंगरी म्हणत. भंगारात निघालेली एक गाडी बापलेकीने तीन वर्षे खपून उभी केली होती. गाडी भिंगरी पळवायची. जीप वायरमन चालवायचे, आणि वाटेत तीनदा थांबून माझ्या चाकांना हात लावून बघायचे की तापली तर नाहीत ना. मला परत करताना ते माझ्या लोखंडावर थाप मारायचे. "शाबास रे गड्या," म्हणायचे. हे शब्द मला दुसऱ्या कोणीच कधी ऐकवले नाहीत.

एकदा त्यांनी मालकांना विचारलेच. "चाक रेघेवरच का घ्यायचं हो? चार बोटं इकडं तिकडं झालं तर काय होतं?"

"रेघ म्हणजे रेघ," मालक म्हणाले आणि डोळ्यांवर काळी काच ओढून कामाला लागले.

वायरमन हसले. "ऐकलंस का भिंगरी? ही लक्ष्मणरेषा आहे. ओलांडायची नाही."

तिनेही ती कधी ओलांडली नाही. तोच तर घात झाला.

त्या दिवशी शर्यतीत त्यांच्या गाडीचे इंजिन फुटले. वायरमननी घाईने झाकण उघडले आणि वाफेने त्यांचा उजवा हात भाजला. शेजारच्या गाडीवाल्याचा इंजिन दुरुस्तीचा कारखाना होता. भला माणूस. "इथेच काढू या, मी माझ्या टेम्पोतून थेट घेऊन जातो," म्हणाला. चार जणांनी साखळी लावून दुपारीच इंजिन उतरवले. मग रिकाम्या पोटाची ती गाडी ढकलत माझ्यावर चढवली. भिंगरीने वाकून पाहिले, चाक बरोबर रेघेवर घेतले, पट्टे दोनदा ओढून पाहिले. तिचे काम नेहमीसारखेच चोख होते.

पण मित्रांनो, गाडीच्या नाकातले सगळे वजन निघून गेले होते. ती रेघ इंजिन असलेल्या गाडीसाठी होती. आता भार मागे सरकला होता आणि माझा दांडा हलका झाला होता. मला ते फाटकातून बाहेर पडतानाच कळले. भाजलेल्या हातामुळे वायरमन शेजारी बसले होते आणि जीप भिंगरी चालवत होती.

सपाट रस्त्यावर मी कसाबसा तग धरला. उतार लागला, वेग वाढला आणि मी डुलू लागलो. मी थांबायचा खूप प्रयत्न केला, पण माझ्या हातात काय होते? जीप हेलकावे खाऊ लागली. भिंगरी घाबरली आणि तिने जोरात ब्रेक दाबला. मी मागून जीपवर चालून गेलो, तिला आडवी केली आणि वायरमनची बाजू दगडी कठड्यावर आदळली. रुग्णवाहिका लगेच आली. भिंगरीला खरचटले होते. तिचे बाबा मात्र परत घरी आले नाहीत.

मला न्यायला मालक स्वतः आले. माझा दांडा वाकला होता, एक चाक निखळले होते, पण गाडी अजून माझ्यावरच होती. पट्टे सुटले नव्हते. चाक रेघेवर होते. मालक बराच वेळ त्या चाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडीचे झाकण उचलले, इंजिनाच्या जागची पोकळी पाहिली, पुन्हा एकदा रेघेकडे पाहिले आणि झाकण हळूच मिटले.

जमलेले लोक बोलत होते, "पोरीनं ब्रेक मारला म्हणून झालं." मालकांनी ते ऐकले. ते काहीच बोलले नाहीत.

त्यानंतर त्यांनी मला भाड्याने देणे बंद केले. दुरुस्तही केले नाही आणि भंगारातही घातले नाही. शेडमागे मी गंजत पडलो. भिंगरी दोनदा फाटकापर्यंत आली. दोन्ही वेळा मालक आत जाऊन बसले आणि मालकीणबाईंनी खाली मान घालून सांगितले, "ते घरी नाहीत गं." ती पोर बिचारी समजली की काकाही आपल्यावर रागावलेत. मला तेव्हा मालकांचा फार राग आला. ज्यांनी मला घडवले त्यांच्यावर रागावणे बरे नाही, पण आला.

आज सकाळी ती तिसऱ्यांदा आली. कोणाला हाक न मारता शेडमागे आली आणि माझ्या पाठीवर बसून राहिली. मालक लोखंड घ्यायला मागे आले आणि समोरासमोर सापडले.

"काका, एकच विचारते आणि जाते," ती म्हणाली. "मी चाक रेघेवरच घेतलं होतं ना? मला आता खात्री वाटेनाशी झालीय."

मालकांनी हातातली लोखंडी पट्टी खाली ठेवली.

"रेघेवरच होतं, पोरी. तेच चुकलं. इंजिन नसेल तर गाडी हातभर पुढे घ्यावी लागते. हे मला ठाऊक होतं. मी कुणालाच सांगितलं नाही."

"पण ब्रेक तर मीच मारला."

"डुलायला लागल्यावर कुणीही मारेल. मारायचा नसतो, नुसता पाय उचलायचा असतो. तेही मीच सांगायला हवं होतं."

"बाबांनी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. विचारलं होतं."

भिंगरीने विचारले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. झाकण उघडलं तेव्हा."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती अगदी हळू बोलली. "वर्ष झालं, काका. आई मला काही म्हणत नाही. ताट वाढते आणि आत निघून जाते. वर्षभर मी एकटी जेवतेय."

मालक लहान मुलासारखे रडू लागले. तिने त्यांना रडू दिले, पण त्यांच्याजवळ गेली नाही. मग ती उठली. "चला. हे आईसमोर सांगा."

"आज?"

"आत्ता."

मालकांनी हातमोजे काढून माझ्यावर ठेवले आणि होते त्या कपड्यांनिशी तिच्यामागे चालू लागले. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन फाटक उघडले.

मित्रांनो, भाड्याच्या वस्तूंची निगा राखा, त्यांची चाके आणि पट्टे तपासा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. कोणाला नियम सांगाल तेव्हा त्याचे कारणही सांगा. आणि चूक तुमची असेल, तर त्याच दिवशी त्या घरी जा. माझे मालक त्या घरी गेले खरे, पण तोवर एका मुलीने आपल्या बाबांच्या मरणाचा दोष वर्षभर एकटीने वाहिला होता.