सरूबाईचे गुडघे

वृषाली रानात पोचली, तेव्हा आई कांद्याच्या बांधावर बसली होती. सरूबाईच्या गळ्यात खिळे ठोकलेला पट्टा होता. बिबट्याच्या धास्तीने हल्ली निरगुडसरकडे बरेच जण रानात जाताना असा पट्टा घालतात, हे तिला ठाऊक होतं. पण स्वतःच्या आईच्या गळ्यात तो बघवेना.

"एवढे गुडघे दुखतात, तर रानात येतेसच कशाला?"

"घरी बसून काय करू?"

एसटीत बसून जुळवलेलं बोलणं वृषालीने एका दमात ओतून टाकलं. मंचरजवळ एक चांगली जागा आहे, आई-आप्पांना मिळून वेगळी खोली, नर्स कायम हजर, डॉक्टर येतात.

"म्हंजी वृद्धाश्रम. सरळ बोल की." सरूबाईचा आवाज चढला. "एकुलती एक पोर, अन् आईबापाला तिकडं टाकतीया. गाव तोंडात श्यान घालंल!"

"माझ्याकडे या म्हटलं, तर लेकीच्या घरी राहायचं नाही. दिवसभर आम्ही दोघं कामावर, तुम्ही घरात कोंडून, हे मलाही पटत नाही. मग करू काय? मागं पडलीस, तेसुद्धा शेजारच्या हौशीरामकाकांनी कळवलं!"

सरूबाईचं बोलण्याकडे ध्यानच नव्हतं. पलीकडे वृषालीचे वडील, संपतआप्पा, फावडं घेऊन उभे होते आणि ती सारखी तिकडेच बघत होती. इतकं घसा फोडून बोलावं आणि हिने मान फिरवावी! वृषालीला भयंकर राग आला.

तेवढ्यात सरूबाई किंचाळली, "अवो, थांबा! त्यात नगा सोडू!" आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी धावत सुटली.

आप्पांनी पाटाचं पाणी वळवलं होतं. उभ्या पिकात नव्हे, काढलेल्या कांद्यात! उपटून, पातीखाली सुकायला पसरलेला कांदा. तो भिजला की सडलाच. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि आप्पा तर असे, की कांदा कधी काढायचा हे गाव त्यांना विचारायचं.

सरूबाई चिखलात गुडघ्यांवर बसून हातांनी माती लोटत होती. वृषालीही धावली. दोघींनी मिळून वाफ्याचं तोंड बुजवलं, तोवर कडेचा कांदा भिजून गेला होता.

"पीक तहानलंय, दिसत नाय का?" आप्पा खेकसले. "मधी मधी करू नगं!" आणि पाय आपटत पाण्याच्या मोटारीकडे गेले.

"कधीपासून?" सरूबाईबरोबर त्यांच्या मागे जात वृषालीने विचारलं.

"दिवाळीपास्नं. तवा मी उगं पडले नव्हते गं. हे वल्ल्या हातानं मोटारीला भिडले व्हते, म्हणून मी पळाले."

"म्हणून तू इथं बसतेस?"

"मग कोण बसंल?" सरूबाईचे डोळे भरून आले. "तिकडं न्हेलं की लोक म्हणतील, संपतचं डोकं गेलं. जित्तेपणी मारायचं का त्यांना?"

"आणि एखाद्या दिवशी तुझं पळणं कमी पडलं तर?"

लेकीने असं बोलावं याचा सरूबाईला संताप आला होता आणि ते खरं होतं याचा त्याहून जास्त. मोटार बंद झाल्याचं ऐकल्यावर तिने हात धुतले आणि आप्पा जवळ आले तशी मोठ्यांदा म्हणाली, "अवो, माझं गुडघं आता चालंनात. पोरगी म्हणती, मंचरकडं नर्सवाली जागा हाय. मला एकटीला करमायचं नाय. याल का संगं?"

वृषालीने तोंड उघडलं, तसा सरूबाईने तिचा हात करकचून दाबला.

"तुझ्यापायी रान सोडू?" आप्पा गुरगुरले. मग त्यांची नजर बायकोच्या चिखलाने माखलेल्या लुगड्यावर गेली. "बरं. माल कांदाचाळीत भरला की जाऊ."

आरडाओरडा ऐकून हौशीराम बांधावर आला होता. "आरं, काढलेल्या कांद्यात पाणी कुणी सोडलं?"

"म्या," सरूबाई म्हणाली. "डोकं ठिकाणावर ऱ्हात नाय आताशा."

"बघ राव!" आप्पा कपाळावर हात मारून म्हणाले. "जल्म गेला रानात, तरी अक्कल नाय. हिच्यापायी आता गाव सोडायची पाळी आली."

हौशीरामने सरूबाईकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"व्हय," ती पदर सावरत म्हणाली, "माझ्यापायीच."