लँगरची घंटा

आर्डिथ सकाळपासून झुकिनीच्या वाफ्यात वाकली होती. नेब्रास्काचं वारं भट्टीच्या तोंडातून सुटल्यासारखं अंगावर येत होतं, भुईला भेगा पडल्या होत्या. पण ही मेली झुकिनी, दुधीची विलायती बहीण, आज बोटाएवढी दिसावी तर उद्या मांडीएवढी. खाणार कोण? लँगर गावात दाराला कुलूप कुणाला ठाऊक नाही, पण ऑगस्ट लागला की जो तो गाडीला कुलूप घालतो. विसरला, तर चर्चमधून येईतो मागची सीट झुकिनीनं भरलेली. कुणी भरली, ते पाद्रीबाबालाही सांगता यायचं नाही.

"वन्सं! अवो वन्सं!" भावजय व्हर्लिन कुंपणाशी येऊन धापा टाकायला लागली. "त्यो परत घंटंखाली उभा ऱ्हायलाय. हातात दोरी हाय!"

"कोण, हॅनिगन?"

"दुसरं कोण हाय रिकामं?"

हॅनिगन मार्चात आला. मेलेल्या हिल्डाचं घर घेऊन एकटाच राहिला. आल्या दिवसापासून गाडीला कुलूप. रस्त्यात समोरून गाडी आली तर लँगरचा माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. हा अख्खा पंजा हलवायचा. एवढी माया कशापायी? आर्डिथला पहिल्याच दिवशी काळंबेरं असल्याचा वास आला होता.

आणि नेमकी त्याच्यावाचूनच गावाची मान अडकली होती. वेशीवरच्या पाटीवर सत्तावीस माणसं लिहिलेली, पंचमंडळाच्या खुर्च्या पाच, त्यातली एक हिल्डा गेल्यापासून रिकामी. सोमवारच्या सभेत ती भरली नाही, की जिल्हा हे गाव कागदोपत्री मोडणार, पाटी उपटणार. उरलेली माणसं एकतर पाळण्यातली, नाहीतर ठार बहिरी, नाहीतर एकमेकांचं तोंड न बघणारी. गावप्रमुख डेल्मार, म्हणजे आर्डिथचा धाकटा भाऊ, खुर्ची घे म्हणून हॅनिगनच्या दारात दोनदा जाऊन आला. हॅनिगन नुसता हसला.

आर्डिथनं हात पदराला, म्हणजे आपल्या एप्रनला पुसले आणि तरातरा निघाली. अग्निबंबाच्या शेडवर घंटा टांगलेली. हॅनिगन शिडीवर चढून तिच्या तोंडाला दोरी गुंडाळत होता.

"फास घ्यायचा इचार हाय का रं?"

"माप घेतोय, बाई."

"कशापायी?"

त्यानं खिशातल्या चाकूनं लाल रंग जरासा खरवडला. खालून कोरीव अक्षरं निघाली. आर्डिथनं वाचली नाहीत. तिला ती जन्मापासून ठाऊक होती. विलो बेंड. नदीपल्याडचं गाव. आता तिथं मक्याशिवाय काही उभं नाही.

"माझ्या पणज्यानं बसवली होती ही," हॅनिगन म्हणाला. "तुमच्या आजोबांनी नेली. बर्फाच्या वादळात, कचेरीचं दार फोडून. दप्तर नेलं, घंटा नेली. जिल्ह्याचं ठाणं तुमच्याकडं आलं, रेल्वे तुमच्याकडं आली. आमचं गाव मेलं."

"आमचा आज्जा म्हनायचा, त्यांनी राजीखुशीनं दिली."

"वादळात?"

आर्डिथनं घंटेवरची नजर काढून घेतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या आज्यानं ते चांदणं पोराबाळांनाही वाटून ठेवलं होतं.

"म्हंजी गाव मोडायची वाट बघतुयास तू."

"मोडलं की जिल्हा सगळं लिलावात काढील. घंटा मी घेईन."

आर्डिथ खदखदून हसली. "येडा हायेस! जिल्ह्याचं ठाणं आता कुटं हाय? क्रॉलीत. आमच्याकडनं त्येंनी पळवलं. त्येंच्या कचेरीवर नवा मनोरा बांधलाय, वर घंटा न्हाई. ही तुला घिऊ देतील व्हय? लिलावाच्या आदीच वर चढवतील."

हॅनिगन शिडीवरून खाली उतरला. आता त्याच्या डोळ्यांत संशय होता.

"गाव ऱ्हायलं तर घंटा पंचमंडळाची. तीन हात वर झालं की तुझी. एक माझा. डेल्मार माझ्या शब्दाभाईर न्हाई. तिसरा तुझा, खुर्चीत बसलास तर."

"लिहून द्याल?"

"लँगरच्या माणसाची जबान हाय."

"लँगरच्या जबानीवरच माझा पणजा झोपी गेला होता, बाई."

"मग तू जागा ऱ्हा की!"

सोमवारी हॅनिगन आला. खुर्चीत बसला. डेल्मारनं पाचाची नोंद केली आणि व्हर्लिननं डोळे टिपले. गाव वाचलं होतं. मग हॅनिगननं घंटेचा विषय काढला. तीन हात वर झाले. आर्डिथचा सगळ्यांत आधी.

"फकस्त एक," ती म्हणाली. "आली तशी जायाला पायजे. नदी गोठली की घसरगाडीवरनं, बर्फावरनं. दुसऱ्या वाटंनं न्हेली तर अपशकुन. जुनी रीत हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रीत तिनं आत्ताच काढली होती, हे एकट्या डेल्मारला कळलं, आणि त्यानं कॉफीच्या कपात नाक घातलं.

"आणि गोठली नाही तर?" हॅनिगननं विचारलं.

"तर म्होरल्या हिवाळ्यात."

घसरगाडी पेलेल एवढी नदी कित्येक वर्षांत गोठली नव्हती. हॅनिगननं खुर्ची मागं सारली. मग उठला, सभेचं पुडिंगसुद्धा न खाता बाहेर पडला.

"रागावला वाटतं," व्हर्लिन कुजबुजली.

"रागावू दे. खुर्ची उबवली न्हवं?" आर्डिथनं त्याच्या वाटचं पुडिंग आपल्याकडं ओढलं आणि सावकाश संपवलं.

बाहेर आली तर तिच्या गाडीच्या काचा हिरव्यागार. घाईत कुलूप राहिलं होतं. पुढची सीट, मागची सीट, पायाखाली, सगळीकडं झुकिनी. गाडीशेजारी तिच्याच ओसरीवरनं आणलेल्या टोपल्या पालथ्या पडलेल्या. ढिगावर वेटोळं करून ठेवलेली मापाची दोरी.

"अगं बया!" व्हर्लिननं तोंडावर हात घेतला. "कुनाचं काम म्हनायचं हे, वन्सं?"

आर्डिथनं दोरी उचलून एप्रनच्या खिशात घातली.

"आसंल," ती म्हणाली, "गावातलंच कुनीतरी."