अकरा उभे आणि मालनबाई

गाडीत पाटीच होती: ‘उभे प्रवासी ११’. अंजनेरी फाट्यावर चढलेली मालनबाई बारावी निघाली. कंडक्टरने बोटाने दोनदा मोजलं आणि तिला उतरायला सांगितलं.

मालनबाईने दांडा घट्ट धरला. “दहा वाजता नाशकात माझी नर्सिंगची मुलाखत आहे. मी उतरायची नाही.”

“मग गाडीही हलायची नाही.”

तेवढ्यात, काखेत कोंबडी घेऊन उभा असलेला एक अनोळखी म्हातारा खाली उतरला. “घ्या, झाले अकरा. पोरीला जाऊ द्या. कोंबडीची काय आज मुलाखत नाय.”

खिडकीशी बसलेल्या मास्तरांना लाज वाटली. “बाबा, माझ्या जागेवर बसा,” म्हणत तेही उतरले. मास्तरांसाठी एक पैलवान उतरला, पैलवानासाठी दोघी जावा. जागा सगळेच देत होते, घेत कुणीच नव्हतं. शेवटी ड्रायव्हरही उतरला. “सगळी चांगली माणसं खालीच हायत,” तो म्हणाला.

गाडीत उरले दोघंच. मालनबाई कंडक्टरला म्हणाली, “आता मोजा.”

कंडक्टरने घड्याळ पाहिलं, रस्त्यावरची गर्दी पाहिली, कोंबडी पाहिली. मग डोक्यावरची टोपी काढून त्याने पाटीवर अडकवली आणि ओरडला, “चढा सगळे!”

पुढे महिरावणीच्या थांब्यावर कडेवर लेकरू घेतलेली एक बाई बिचकत म्हणाली, “जागा हाय का?”

कंडक्टरने सवयीने बोट उचललं. पण मालनबाईचा हात आधीच बाहेर गेला होता.

“या ताई. तुम्ही अकराव्या.”