बुधवारच्या आत

थानासीने फळ्यावरून एकतीस नंबरचे, क्विल्टीच्या नावाचे चुंबक उचलले आणि एडविनच्या तळहातावर ठेवले, तेव्हा एडविनला पुन्हा ते पत्र आठवले. अकरा दिवस ते त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होते आणि त्याचे उत्तर गेले नव्हते.

“टाक डब्यात,” थानासी म्हणाला. “बुधवारी क्विल्टी पर्थच्या विमानात. आपण आतापासून सवय करून घ्यायची.”

“अजून त्याने सही केलेली नाही,” डोरिन म्हणाली. ती खिडकीपाशी कप विसळत होती. “दोन वर्षांचा करार बाकी आहे त्याचा. तो नाही म्हणाला तर कुणाचा बाप त्याला हलवू शकत नाही.”

“तो नाही म्हणणार नाही.”

“तुला फोन केला होता का त्याने?”

एडविनने चुंबक डब्यात टाकले नाही. ते मुठीत धरून तो खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. बाहेर उत्तरेचा गरम वारा सुटला होता आणि छपराचा एक पत्रा सकाळपासून वाजत होता.

मेरिडेल फुटबॉल क्लबच्या जुन्या मैदानावर, प्रेक्षकांच्या बाकांखाली ही खोली होती. संघ सरावासाठी दुसरीकडे गेला त्याला बारा वर्षे झाली. खोली तेवढी पाठीराख्यांकडे राहिली. मोसम संपला की ऑक्टोबरात क्लब एकमेकांचे खेळाडू घेतात, देतात. त्या दिवसांत दर शनिवारी दुपारी मंडळी इथे जमत आणि फळ्यावर आपला संघ पाडून पुन्हा बांधत. गेल्या दोन मोसमांत मिळून संघाने पाचच सामने जिंकले होते, त्यामुळे यंदा पाडण्यासारखे पुष्कळ होते. चव्वेचाळीस खेळाडू, चव्वेचाळीस चुंबके. प्रत्येकावरचे नाव एडविनच्या हातचे. चाळीस वर्षे ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवून त्याचे अक्षर बारीक आणि सरळ झाले होते. वाद मात्र त्याने कधी घातला नव्हता. थानासी आणि डोरिन घालत, तो चुंबके हलवी. आज बाकीचे सगळे घोड्यांच्या शर्यतीला गेले होते, तिघेच होते.

“मला एक सांग,” डोरिन हात पुसत म्हणाली. “हा गेला तर मागे बचावाला उभं कोण राहणार? तू आणू म्हणतोस तो अठरा वर्षांचा पोरगा? त्याला अजून मिशी फुटलेली नाही.”

“फुटेल. पाच वर्षांनी फुटेल, आणि त्या वर्षी आपण कप उचलू.”

“पाच वर्षांनी मी एक्याऐंशीची असेन, थानासी.”

“मग काय झालं? चाकाच्या खुर्चीत बसवून नेऊ तुला.”

“तू नेणार? तुला तुझा चष्मा सापडत नाही. कपाळावर आहे बघ.”

थानासीने चष्मा खाली ओढला. तो तीस वर्षे ट्रामच्या कारखान्यात मेकॅनिक होता आणि जुना भाग वेळेवर बदलला नाही तर काय होते हे तो कुणालाही, न विचारता सांगे. “क्विल्टी माझाही लाडका आहे. पण एकोणतीस संपलं त्याचं. आज त्याच्या बदल्यात नवख्या खेळाडूंच्या निवडीत आपल्याला अकरावी पाळी मिळतेय. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला की काय मिळेल? एक सँडविच. आणि हे माझं म्हणणं नाही हं, आपल्या पत्रकाचंच म्हणणं आहे.”

एडविन फळ्याकडे बघत राहिला. पत्रकाचे नाव निघणार हे त्याला माहीत होते. गेले दोन महिने रोज कुठे ना कुठे ते निघत होते.

मेरिडेलच्या पाठीराख्यांचे ते महिन्याचे पत्रक एडविनच टाइप करी, कारण तो मंडळाचा चिटणीस होता. खेळाडूंना पत्रे लिहिण्याचे कामही त्याच्याकडेच. दरवर्षी मंडळ एका खेळाडूला आपला मानी, त्याच्या वाढदिवसाला केक पाठवी, आणि त्या खेळाडूने वर्षाअखेरी आभाराचे पत्र पाठवायचे असे. बहुतेकांकडून छापील कार्ड येई. डार्सी क्विल्टीने सात वर्षांपूर्वी हाताने दोन पाने लिहिली आणि शेवटी विचारले, की लांबच्या विमानप्रवासात वाचायला काहीतरी सुचवाल का. तेव्हापासून पत्रे थांबली नव्हती. पुस्तके, मैदानावरचे गवत, क्विल्टीच्या वडिलांची हारकोर्टची सफरचंदाची बाग, मेरिनशी झालेले लग्न. समोरासमोर ते दोघे तीनदाच भेटले होते, तेही गर्दीत. आणि तिन्ही वेळा एडविनला बोलायला काही सुचले नव्हते.

शेवटचे पत्र त्याला आता पाठ होते.

‘तुम्ही ऐकलंच असेल. माझी सही झाली तर पर्थवाले मला घेणार. बुधवारच्या आत सांगायचं आहे. मेरिनला इथल्या हॉस्पिटलात नुकतीच बढती मिळाली, पण ती म्हणते, तू ठरव. क्लबही म्हणतो, तू ठरव. जो तो मला बरं वाटेल तेच बोलतो. तुम्ही मला नऊ वर्षं खेळताना पाहिलं आहे. तुमच्या हातात असतं तर तुम्ही मला ठेवलं असतं का? सोबत एक कात्रण आहे. लिहिणाऱ्याला खेळ कळतो. मी ते पुष्कळदा वाचलं.’

कात्रण ऑगस्टच्या पत्रकातले होते. लेखावर नाव नव्हते. पोस्टाने आला, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता, असे एडविनने मंडळाला सांगितले होते.

खरे तर तो त्याने स्वतः लिहिला होता, एका रविवारी, आदल्या दिवशीच्या दारुण पराभवानंतर, एका बैठकीत. तिशीला आलेल्या बचावपटूंना त्यांची किंमत आहे तोवर जाऊ द्या, नाहीतर हा संघ कधीच उभा राहणार नाही. आणि सुरुवात एकतीस नंबरापासून करा. कुणीतरी तो इंटरनेटवर टाकला आणि दोन दिवसांत अर्धे मेरिडेल त्यातली वाक्ये बोलू लागले. त्या आठवड्यात एडविन काही काम नसताना दोनदा पावाच्या दुकानात जाऊन आला, कारण तिथला माणूस गिऱ्हाइकांना तो लेख वाचून दाखवत होता. हे आठवले की आता त्याचे कान गरम होत. उत्तराचे सात कच्चे खर्डे त्याने फाडले होते. प्रत्येकात ‘दोन्ही बाजूंना तथ्य आहे’ असे एक वाक्य होते.

थानासीने भिंतीवर टाचलेले पत्रक काढून डोरिनपुढे धरले. “वाच. मोठ्याने वाच, म्हणजे डोक्यात जाईल.”

“माझं वाचून झालंय.”

“शेवटचं वाच.”

डोरिनने पत्रक लांब धरले. “‘बाग नव्याने लावायची तर माणूस झाडे फळ देत असतानाच उपटतो, आणि मग आठवडाभर घरात कुणाशी बोलत नाही.’” ती थांबली. “हे मात्र चांगलं लिहिलंय मेल्याने. हे कुणी नुसतं बसून लिहिलेलं नाही. याने कुणालातरी झाडं उपटताना पाहिलंय.”

“मेरिडेलमध्ये कुणाची बाग? इथे लिंबाचं एक झाड जगत नाही.”

“कुणीतरी सांगितलं असेल त्याला. क्विल्टीच्या वडिलांचीच नाही का बाग, हारकोर्टला?”

छपराचा पत्रा वाजला. एडविनने मूठ उघडली. चुंबकाची कड तळहातावर उमटली होती.

ते वाक्य कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून आपल्या डोक्यात राहिले असावे असे तो आजवर धरून चालला होता. पुस्तकातले नव्हते. चौथ्या की पाचव्या वर्षीच्या पत्रात क्विल्टीने लिहिले होते, की तो दहा वर्षांचा असताना वडिलांनी ट्रॅक्टरला साखळी बांधून सफरचंदांनी लगडलेल्या दोन ओळी उपटल्या, आणि त्यानंतर आठवडाभर जेवणाच्या टेबलावर ते एक शब्द बोलले नाहीत. हे मी मेरिनखेरीज कुणाला सांगितलेले नाही, असेही त्याने लिहिले होते.

एडविनने खिशातून पत्र काढले आणि त्यातले कात्रण उलगडले. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. ती त्याने पहिल्याच दिवशी पाहिली होती आणि त्याला वाटले होते, वाक्य आवडले असेल.

“काय रे, बरं वाटत नाही का?” डोरिनने विचारले.

“तो लेख मी लिहिलाय,” एडविन म्हणाला.

थानासी हसू लागला. “तू? अरे प्रोफेसर, चहात कुणी मीठ घातलं तरी तू मुकाट पितोस. तू म्हणे क्विल्टीला काढा म्हणून लिहिणार.”

एडविन हसला नाही. त्याने पत्र टेबलावर ठेवले. डोरिनने ते उभ्या उभ्या वाचले, मग कात्रण पाहिले, मग पुन्हा पत्र. थानासीने तिच्या खांद्यावरून वाचले आणि वाचता वाचता त्याचे हसू गेले.

“कधी आलं हे?”

“अकरा दिवस झाले.”

“अकरा दिवस,” थानासी म्हणाला. “आणि तू इथे बसून आमची चुंबकं सरकवतोयस.”

“त्याला ठाऊक आहे, ते मीच लिहिलंय. ठाऊक असून विचारतोय. मला आत्ता कळलं.”

“मग काय सांगणार आहेस त्याला?” डोरिनने विचारले. तिचा आवाज खाली आला होता. “राहा म्हणून सांग. तुझं ऐकेल तो.”

“ऐकेल म्हणून तर...” एडविनने वाक्य अर्धवट सोडले. तो टाइपरायटरच्या टेबलाशी गेला, खणातून मंडळाचा कागद काढला आणि पेन उघडले. थानासी काही बोलणार होता, पण डोरिनने त्याला नजरेने गप्प केले. या वेळी खाडाखोड झाली नाही.

‘डार्सी, कात्रणातला लेख माझा आहे. तुला हे पहिल्या वाचनातच कळले असणार. तुझ्या वडिलांची गोष्ट मी न विचारता वापरली, आणि ती तुझी आहे हेही विसरलो. लेख रागात लिहिला होता. नंतर शांतपणे पुष्कळदा तपासला. खेळाचे म्हणून जे लिहिले त्यात मला चूक सापडत नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की माझ्या हातात असते तर मी तुला ठेवले नसते. हे क्लबचा माणूस म्हणून. मेरिनची नोकरी आणि तुमचे घर यांचा त्या लेखात विचारच नव्हता, तो मला सुचलाही नाही. तू राहिलास तर माझे म्हणणे खोटे पडावे असे मला मनापासून वाटेल. एडविन ट्रेगियर.’

त्याने पाकीट बंद केले, तिकीट लावले आणि टोपी घेतली. “कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येतो.”

“आज शनिवार आहे,” डोरिन म्हणाली. “पेटी सोमवारी संध्याकाळी उघडणार. आणि आता ते एक दिवसाआड टपाल देतात.”

“हो.”

“म्हणजे गुरुवारी पोचेल. बुधवारी सगळं संपलेलं असेल.”

एडविनने टोपीची कड फिरवली.

“ठाऊक होतं तुला,” ती म्हणाली.

“ठाऊक होतं.”

डोरिनने ॲप्रन काढला आणि गाडीची किल्ली घेतली. “पत्ता आहे ना?”

पत्ता त्याने सात वर्षे पाकिटांवर लिहिला होता. त्या रस्त्यावर तो कधी गेला नव्हता. दहा मिनिटांच्या वाटेत एडविनने गाडीची काच दोनदा खाली केली आणि दोनदा वर घेतली.

घर बसके होते, पुढे गवताचा तुकडा, फाटकाला लागून पत्र्याची टपालपेटी. एक बाई दोरीवरच्या चादरी काढत होती; वारा त्या तिच्या तोंडावर आणत होता. एडविनने उकाड्यातही न काढलेला क्लबचा हिरवा-पांढरा मफलर तिने पाहिला आणि ती दमलेल्या आवाजात म्हणाली, “सही हवी असेल तर आज नको हं, प्लीज. सकाळपासून तिघे येऊन गेले.”

“सही नको. पत्र टाकायचं होतं फक्त.”

“कुणाकडून?”

“एडविन.”

तिने हातातली चादर टोपलीत सोडली आणि त्याच्याकडे नीट पाहिले. “थांबा,” ती म्हणाली. “जाऊ नका. मी त्याला बोलावते.”

ती आत गेली. जाळीचा दरवाजा दोनदा आपटून मिटला. मागे डोरिनने इंजिन चालूच ठेवले होते. चार पावले मागे गेले की गाडी. घरातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावले.

एडविनने पाकीट पेटीच्या फटीत घातले, क्षणभर त्याचे टोक धरून ठेवले आणि सोडले. ते तळाशी पडल्याचे ऐकू आले. तो फाटकापाशी उभा राहिला.